घर ओढणारी मोटार

इंग्लंडांत उन्हाळा लागला, म्हणजे तेथील हमरस्त्यांवर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. पुढें एक साधी मोटार, आणि तिच्या मागें आकड्याला अडकविलेलें, पांढऱ्या रंगाचें, खिडक्यांना पडदे लावलेलें एक लहानसें घर! आपल्या कानांवर 'कारवान' हा शब्द पडला, म्हणजे वाळवंट, उंट आणि व्यापारी यांचीच आठवण व्हावयाची. इंग्रज लोक मात्र या चाकांवरच्या घरास 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टरानें केवळ हौसेखातर असें एक घर बांधवून घेतलें, त्यास 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' असें नांव दिलें, आणि घोडे जुंपून तो थेट स्कॉटलंडपर्यंत हिंडून आला. घोड्यांची जागा मोटारीनें घेतली ती पहिल्या महायुद्धानंतर.

परंतु श्रोतेहो, आज मी आपणांस या घराविषयीं फारसें सांगणार नाहीं. तें ओढणाऱ्या मोटारीविषयीं सांगणार आहें. आणि तेंहि, ज्या चालकाचे पाय अधू आहेत त्याच्या मोटारीविषयीं.

प्रवासास निघालेल्या अपंग माणसाला रस्त्याची भीति नसते. भीति असते ती मुक्कामाची. हॉटेलच्या दारांत पायऱ्या आहेत काय, स्नानगृहाच्या दारांतून खुर्ची आंत जाते काय, पलंग किती उंच आहे, या प्रश्नांचीं उत्तरें दूरध्वनीवर 'होय, होय, सर्व व्यवस्था आहे' अशीं मिळतात, आणि रात्रीं नऊ वाजतां दाराशीं जाऊन उभें राहिल्यावर तीं खोटीं ठरतात. आपला पलंग, आपलें शौचकूप आणि हातांच्या ओळखीचे आधाराचे दांडे बरोबर घेऊन जो निघाला, त्याला ही धास्ती नाहीं. चैनीची म्हणून जी वस्तु जन्मास आली, ती अशा माणसाच्या बाबतींत गरजेची होऊन बसते.

माझे एक स्नेही गेलीं चाळीस वर्षें इंग्लंडच्या मध्यभागांत राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यांतले. तिसऱ्या वर्षीं पोलिओ झाला आणि दोन्ही पाय दुबळे राहिले. घरांत ते कुबड्यांवर चार पावलें टाकतात; बाहेर चाकांची खुर्ची लागते. मोटार ते सर्वस्वीं हातांनीं चालवितात, आणि दर उन्हाळ्यांत सहा आठवडे वहिनींसह कॅरॅव्हॅन घेऊन हिंडतात. सत्तरी जवळ आली तेव्हां त्यांच्या खांद्यांनीं असहकार पुकारला, आणि हातांनीं फिरवावयाच्या खुर्चीच्या जागीं विजेची जड खुर्ची आली. ती उचलून मोटारींत ठेवणें वहिनींच्या आवांक्याबाहेरचें. मोटार बदलणें प्राप्त झालें. 'आतां तें चाकांचें घर विकून टाका,' असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक कुटुंबांत असतातच. येथें तर पोटचा मुलगाच तसें म्हणूं लागला.

ते एका विक्रेत्याकडे गेले. त्यानें जीपच्या अवताराची एक दांडगी मोटार दाखविली व 'ही डोंगरहि ओढील' असें मोठ्या अभिमानानें सांगितलें. माझे स्नेही म्हणाले, "डोंगर ओढील हो, पण मला आंत कोण ओढणार?"

सगळा घोळ येथेंच आहे. नेहमींचा क्रम असा कीं, आधीं घर पसंत करावयाचें आणि मग तें ओढण्याजोगी मोटार शोधावयाची. अपंग चालकानें हा क्रम अगदीं उलटा करावा. आधीं आपलें शरीर, मग त्या शरीरास मानवेल ती मोटार, आणि ती मोटार निर्धास्तपणें जें पेलील तेवढेंच घर.

शरीराचा विचार म्हणजे काय, तें सांगतों. एकटा डावा पाय अधू असला तर प्रश्न सोपा. आपोआप गिअर बदलणारी मोटार घेतली कीं डाव्या पायास कामच उरत नाहीं. उजवा अधू असेल, तर वेगाचा पेडल डावीकडे बसवून घेतां येतो. दोन्ही पाय गेले असतील, तर चाकाजवळ एक तरफ बसवितात. बहुतेक ठिकाणीं ती पुढें ढकलली कीं ब्रेक लागतो आणि स्वतःकडे ओढली कीं वेग वाढतो. एक हात त्या तरफेवर, दुसरा सुकाणूच्या चाकावर बसविलेल्या मुठीवर. मग दिवे आणि इशारे यांचीं बटणें त्या मुठीशींच आणून ठेवावीं लागतात. कोणास काय सोयीचें, हें तपासून सांगणारीं केंद्रें ब्रिटनमध्यें जागोजाग आहेत. मोटारीच्या दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं तेथें जाऊन यावें, असें मी आग्रहानें म्हणेन.

त्यानंतर बैठकीची उंची. चाकांच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारें अर्धा मीटर उंच असते. मोटारीची बैठक तिच्या जवळपास असली, तर माणूस हातांच्या जोरावर सरकून आंत जातो. ती वीतभर वर गेली कीं प्रत्येक वेळीं गड चढावयाचा. जड मोटारी बहुधा उंच असतात, आणि ओढण्यास जड मोटार बरी! खरी अडचण ती हीच. दुकानांत सकाळीं, ताज्या अंगानें, एकदां आंत बसून पाहण्यांत अर्थ नाहीं. संध्याकाळीं थकल्यावर, पावसाची झिमझिम चालूं असतां, पांच वेळां चढउतार करून पाहावी. माझ्या स्नेह्यांनीं ती केली, आणि तिसऱ्या खेपेसच त्या डोंगर ओढणाऱ्या मोटारीस रामराम ठोकला.

आतां वजनाचा हिशेब. हा भाग जरा रुक्ष आहे, पण जीव येथेंच अडकलेला आहे. मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालीं एक पट्टी असते. तीवर चार आंकडे एकाखालीं एक असतात: भरलेल्या मोटारीचें कमाल वजन, मोटार व मागची गाडी मिळून कमाल वजन, पुढच्या आंसावरचा कमाल भार आणि मागच्या आंसावरचा कमाल भार. विक्रेता इंजिनाच्या शक्तीविषयीं अर्धा तास बोलतो, पण ही पट्टी क्वचितच दाखवितो.

हिशेबापुरती एक मोटार धरूं. रिकामी १,६०० किलो, भरलेली २,१०० किलो, आणि दोन्ही गाड्या मिळून मर्यादा ३,५०० किलो. भरलेल्या कॅरॅव्हॅनचें वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या शेंकडा ८५ च्या आंत ठेवावें, असा तिकडे संकेत आहे. तो कायदा नव्हे, शहाणपण आहे. म्हणजे घर १,३६० किलोपर्यंतचें चालेल, आणि दोन्ही मिळून ३,४६० होतात. ठीक. मोटारीच्या पोटांत मात्र ५०० किलोच चढवितां येतात. दोन माणसें १४०, विजेची खुर्ची ९०, ती उचलून आंत घेणारें यंत्र ३०, सामान आणि चढउताराची फळी ७५. झाले ३३५. अजून १६५ हातांत आहेत, असें आपणांस वाटेल.

येथें बैलगाडी आठवावी. ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांस गाडी उलाळ होणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. मागें भार जास्त झाला कीं जूं वर उचललें जातें व बैलांच्या मानेस हिसके बसतात. कॅरॅव्हॅनचेंहि तसेंच. तिच्या दांड्याचा कांहीं भार पुढच्या मोटारीच्या आकड्यावर टेकलाच पाहिजे. सामान्यतः घराच्या वजनाच्या शेंकडा ५ ते ७. आपल्या हिशेबांत तो ८५ किलो धरूं. हा भार मोटारीच्या पोटांतल्या ओझ्यांतच मोजावयाचा असतो, आणि नेमकें हेंच लोक विसरतात. ३३५ चे ४२० झाले. एवढ्यानेंहि भागत नाहीं. आकडा मागच्या आंसाच्या मागें मीटरभर बाहेर असतो. दोन आंसांमध्यें २.७ मीटर अंतर असलेल्या मोटारींत, आकड्यावरचे ८५ किलो मागच्या आंसावर सुमारें ११६ होऊन बसतात, आणि पुढच्या आंसावरून ३१ किलो उचलून घेतात. खुर्ची व तिचें यंत्र यांचे १२० किलो तेथेंच, मागें. धडधाकट कुटुंबाची मोटार जेथें सुखानें चालते, तेथें अपंग चालकाच्या मोटारीचा मागचा आंस मर्यादेपाशीं येऊन ठेपलेला असतो, आणि पुढचीं चाकें, ज्यांनीं वळावयाचें, तीं हलकीं झालेलीं असतात.

म्हणून ८५ चा तो आंकडा चारहि अवयव धड असलेल्या माणसाकरितां आहे, असें मी समजतों. मागचें घर कधीं वाऱ्यानें, कधीं उतारावर, सापासारखें नागमोडी डोलूं लागतें. अशा वेळीं वेग देणें सोडावें, सुकाणूचें चाक सरळ धरावें आणि ब्रेक झटक्यानें दाबूं नये, असा सल्ला देतात. परंतु ज्याचा ब्रेक आणि वेग एकाच तरफेवर आहे, त्याचा घाबरलेला हात ती तरफ पुढें रेटतो किंवा आंवळून धरतो, आणि चाक सावरावयास एकच हात उरतो. अशा चालकानें शेंकडा ७५ वर थांबावें. आपल्या उदाहरणांत १,२०० किलो. डोलणें आपोआप आवरणारीं साधनें आतां घरावरच बसवून मिळतात, तीं अवश्य घ्यावीं. पण त्यांच्या भरंवशावर वजन वाढवूं नये.

गिअरविषयीं एकच गोष्ट सांगतों. आपोआप बदलणाऱ्या गिअरांचे प्रकार आहेत. तेलाच्या प्रवाहांतून शक्ति पोंचविणारा जुना प्रकार चढावर, मुंगीच्या पावलानें, ओझें ओढण्यास शांत असतो. दोन क्लच असलेल्या कांहीं नव्या प्रकारांत, विशेषतः ते क्लच कोरडे असतील तर, तेंच काम वारंवार केल्यानें ते तापतात.

विजेच्या मोटारीविषयीं लोक हल्लीं फार विचारतात. ती जड असते, ओढण्याची ताकदहि तिच्यांत भरपूर. तरी कित्येक मोटारींस कांहीं ओढण्याची परवानगीच कारखान्यानें दिलेली नसते, आणि ज्यांस असते त्यांचा एका भरणींतला पल्ला घर जोडल्यावर जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय वीज भरण्याच्या जागा बहुधा एका मोटारीपुरत्याच लांब असतात. तेथें घर सोडून ठेवावें लागतें व पुन्हां जोडावें लागतें. धडधाकट माणसास तो दहा मिनिटांचा त्रास. ज्यास वांकतां येत नाहीं, त्यास तो दिवसाचा सर्वांत अवघड प्रसंग.

आकडा मोटारीस कोठें बसतो, हेंहि आधींच पाहावें. ज्या मोटारींत मागून उतरती फळी टाकून खुर्चीसकट आंत जातात, तिच्या वाटेंतच आकडा येतो. आणि तळ कापून खालीं घेतलेल्या अशा मोटारींपैकीं पुष्कळांस घर ओढण्याची मुभाच नसते. काढघाल करण्याचा आकडा दुकानांत सुटसुटीत दिसतो, पण तो लावण्यास गुडघे टेकावे लागतात. बटण दाबतांच मोटारीखालीं दुमडून जाणारा आकडा महाग पडतो. या एका बाबतींत काटकसर करूं नये, असें माझें मत.

पैशांची सोय ब्रिटनमध्यें बरी आहे. १९७७ सालीं स्थापन झालेल्या 'मोटॅबिलिटी' योजनेंत, हिंडण्याफिरण्याकरितां मिळणारा वरच्या दराचा सरकारी भत्ता देऊन त्याच्या बदल्यांत मोटार भाड्यानें घेतां येते. मोटार आपल्या मालकीची नसल्यामुळें आकडा बसविण्यापूर्वीं विचारावें लागतें, इतकेंच. त्यापूर्वीं सरकार अपंगांस फिकट निळ्या रंगाची तीन चाकांची एक गाडी देत असे. तिच्यांत बैठक एकच! पत्नीस वा मुलास शेजारीं बसविण्याची सोय नव्हती व परवानगीहि नव्हती. २००३ सालीं त्या गाड्या रस्त्यावरून अखेर काढून घेतल्या.

परवान्याचें कोडें आतां सुटलें आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारीच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी ओढतां येते. वेगाची मर्यादा मात्र ध्यानांत ठेवावी: मोठ्या दुपदरी रस्त्यांवर तासास ६० मैल, एकपदरी रस्त्यांवर ५०.

माझ्या स्नेह्यांनीं अखेर काय केलें? त्यांनीं बसक्या बांध्याची, लांब पाठीची एक मोटार घेतली. तेलाच्या गिअरची, खुर्ची उचलणारें यंत्र आणि दुमडता आकडा बसविलेली. जुनें प्रशस्त घर विकलें आणि १,१५० किलोंचें लहान घेतलें. वहिनींना स्वयंपाकाचा ओटा अपुरा वाटला, त्याबद्दल थोडी बोलाचाली झाली. उरलेल्या पैशांतून घराच्या चाकांना विजेचे रूळ बसवून घेतले. हातांतल्या लहानशा डबीवरचीं बटणें दाबलीं, कीं मोटार सोडलेलें घर आपण होऊन पुढेंमागें सरकतें. ढकलण्यास माणूस लागत नाहीं.

त्यांच्या पहिल्या मुक्कामास मी बरोबर होतों. ओलसर हिरवळ होती. ते खुर्चीवर बसून बटणें दाबीत होते, घर गोगलगाईसारखें मागें येत होतें, आणि वहिनी चाकाशीं उभ्या राहून सांगत होत्या, "आणखी वीतभर... अहो, हळू! आतां चार बोटें... बस्स." मग त्यांनीं चाकाखालीं ठोकळा सारला, आणि आंत जाऊन चहाचें आधण ठेवलें.