वेचणीतल्या बाईचे पाणी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज आणि वीज यांवर बोलणारी माणसे आज लघवीच्या जळजळीवर आणि अंगावरून पांढरे जाण्यावर बोलणार, असे सांगताच मागच्या रांगेत कुजबुज झाली. काही माना खाली गेल्या. बैलाची लघवी तुंबली तर आपण चारचौघांत सांगतो आणि तासाभरात जनावरांचा डॉक्टर आणतो. घरातल्या बाईला उन्हाळी लागली तर ती सासूलाही सांगत नाही. आम्ही डॉक्टर नाही, शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे आहोत. पण या दुखण्याचे एक मोठे मूळ आपल्या वावरात आहे. म्हणून हा विषय आमचाही आहे.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांच्या तपासणीचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. आधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम ८. आणि अंगावर काढलेल्या दुखण्याचे पुढे काय होते, तेही पाहून घ्या. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, एवढ्याच तक्रारीवरून पिशवी काढून घेतलेल्या बायका त्यांत होत्या.

आता वेचणीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या आगेमागे ऊन चटका देते. बाई सकाळी ओटा बांधून पऱ्हाटीत शिरते ती दिवस कलल्यावर बाहेर येते. मजुरी किलोवर. पाण्याची कळशी दूर धुऱ्यावर, तिथवर जाऊन यायचे म्हणजे तेवढा कापूस कमी. आणि पाणी पोटात गेले की लघवी येणार, लघवीला जायचे कुठे? म्हणून ती पाणीच पीत नाही. आलेली लघवी दाबून धरते.

लघवीच्या दुखण्याचा जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम दीड इंच लांब आणि शौचाच्या जागेपासून जवळ. पुरुषाचा मार्ग त्याच्या पाचपट लांब. म्हणून हा त्रास बायकांना जास्त, त्यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. जंतू मूत्राशयात शिरला तरी दर तीन-चार तासांनी भरपूर लघवी झाली की तो वाहून जातो. पाटात साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरते, वाहत्यावर धरत नाही, तसेच हे. दिवसभर लघवी तुंबून राहिली तर जंतूला वाढायला निवांत वेळ मिळतो.

पाण्याने फरक पडतो याला पुरावा आहे. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा उन्हाळी लागणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळपास निम्मा. खर्च शून्य. धण्या-जिऱ्याचे पाणी, पातळ ताक, जवाचे पाणी प्या, हरकत नाही. त्यातला मोठा गुण पाण्याचा आहे.

पण नुसते 'बायांनो, पाणी प्या' म्हणणे ही फसवणूक आहे. पूर्वी आपल्या भागात ज्वारी उभी असायची. पुरुषभर उंचीच्या ज्वारीत बाईला आडोसा मिळे. ज्वारीचे वावर कमी झाले, त्या जागी सोयाबीन आले, ते मांडीच्या वर जात नाही. ज्वारी का गेली, तिला भाव का मिळाला नाही, यावर आम्ही एरवी तासभर बोलतो, आज बोलत नाही. पण ज्वारीबरोबर बायकांचा आडोसाही गेला हे कोणी कुठल्या हिशेबात धरले नाही. २०१४ नंतर गावागावांत संडास बांधले गेले. ते घरी आहेत, वेचणी वावरात आहे.

तेव्हा हे काम वावराच्या मालकाचे आहे. धुऱ्याच्या एका कोपऱ्यात ज्वारीच्या किंवा तुरीच्या चार-पाच ओळी दाट पेरा, वेचणीपर्यंत उभ्या ठेवा. ते जमले नाही तर चार बल्ल्या आणि बारदाना. आत एक खड्डा, बाजूला माती आणि पाण्याचा डबा. हा डबा औषधाचा रिकामा डबा नको, कितीही धुतलेला असला तरी नको. आणि पिण्याची कळशी बायकांच्या ओळीसोबत पुढे सरकत राहिली पाहिजे. ज्याला वेचा लवकर घरी हवा आहे त्याने एवढे करावे.

आता दुसरे दुखणे, खाज आणि पांढरे जाणे. आधी एक भीती काढून टाकू. थोडे पांढरट, पातळ, वास नसलेले पाणी जाणे हे निसर्गाचे आहे. त्याने हाडे झिजत नाहीत. दह्याच्या कवडीसारखे घट्ट जाते आणि खूप खाज सुटते तेव्हा ती बहुधा बुरशी असते. मासळीसारखा वास येतो किंवा हिरवट-पिवळे, फेसाळ जाते तेव्हा ते दुखणे निराळे असते, औषधही निराळे, आणि कधी कधी नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते.

बुरशी आपण ओळखतो. कणसे पक्व होताना पाऊस लागला की ज्वारी काळी पडते. ओल आणि ऊब मिळाली की बुरशी वाढते, माणसाच्या अंगावरही तेच. घामाने भिजलेले नायलॉनचे कपडे दिवसभर अंगावर राहिले तर बुरशीला सोयीचे. आपण कापूस पिकवणारी माणसे, आपल्या घरातल्या बाईच्या अंगावर तरी सुती कपडा असावा. पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवा. लाजेपोटी ते कोनाड्यात, दुसऱ्या लुगड्याखाली ओलेच वाळत घातले जाते. ऊन फुकट आहे, ते लाजेवर ओवाळून टाकू नका.

शरीराच्या आत मित्रजंतूही असतात. दूध विरजणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद. ते आंबटपणा तयार करतात आणि परक्या जंतूंना थारा देत नाहीत. कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवारे मारून मारून ढालकिडा आणि क्रायसोपा मेला आणि पांढरी माशी बोकाळली, हे आपण भोगले आहे. जरा खोकला झाला की दुकानातून अँटिबायोटिक आणून गिळले तर आत हेच होते. मित्र मरतात, बुरशी माजते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. आतून साबण, तुरटी, जंतुनाशक, कडुनिंबाचा काढा काही घालू नका. निंबोळी अर्काचे आम्ही मोठे कैवारी, पण तो बोंडअळीवर मारा. दही खा, आत लावू नका. शौचानंतर पुढून मागे धुवा, मागून पुढे नको. नवराबायकोच्या संबंधानंतर बाईने लघवी करून घ्यावी. मुलींनाही हे सांगा, संकोच बाजूला ठेवून सांगा.

आणि जिथे झाडपाल्याने भागत नाही तिथे थांबू नका. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे, लघवीत रक्त, उलट्या, यांतले काही असले की त्याच दिवशी दवाखाना. गरोदर बाईला साधी जळजळ झाली तरी लघवी तपासून घ्या, दुखणे मूत्रपिंडापर्यंत जाते, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकते. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. पाळी गेलेल्या बाईला हा त्रास वाढतो, त्यावर उपचार आहे, 'वयाचे आहे' म्हणून सोडू नका. आणि नुसत्या पांढरे जाण्यावर कोणी पिशवी काढा म्हणाले तर पैसे भरू नका, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

आता मायबहिणींची बैठक शेजारच्या खोलीत आहे, तिथे दवाखान्यातल्या बाई आल्या आहेत. जे इथे विचारता येत नाही ते त्यांना विचारा. पुरुषांनी इथेच थांबावे. ज्यांच्याकडे यंदा वेचणीला बाहेरच्या बाया येणार आहेत त्यांनी वहीत नावे लिहावीत, आडोसा कुठे आणि कशाचा करणार तेही लिहावे. पहिल्या वेच्यानंतर आम्ही वही घेऊन वावरात पाहायला येऊ.