सॉक्रेटिसचा आत्मशोध आणि समोरचा माणूस
(उज्जैन येथील देवास गेट परिसरात झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)

सॉक्रेटिसच्या विचाराचा गाभा आत्मज्ञान हा आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु ते ज्ञान माणसाला कोठे आणि कोणाच्या सोबतीने होते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि प्रस्तुत विवेचनाचा सारा रोख त्यावरच आहे. ज्या नगरीत क्षिप्रेकाठी भर्तृहरीची गुहा दाखवली जाते, तेथे आत्मा एकांतातच सापडतो ही समजूत रुजावी हे स्वाभाविक आहे. सॉक्रेटिसची वाट मात्र भर बाजारातून जाते.

त्याचे चरित्र श्रोत्यांना परिचित असल्याने ते केवळ स्मरणापुरते सांगणे पुरे. इ.स.पू. ४७० च्या सुमारास अथेन्समध्ये पाथरवट सोफ्रोनिस्कस आणि सुईण फायनारेटी यांच्या पोटी त्याचा जन्म झाला; पोटिडिया, डेलियम व अँफिपोलिस येथे तो सैनिक म्हणून गेला; नगराच्या देवता न मानल्याच्या आणि तरुणांना बिघडवल्याच्या आरोपावरून इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विष प्यावे लागले. त्याने स्वतः काहीही लिहिले नाही, आणि प्रश्नाला उत्तर देऊ शकणारा जिवंत माणूस समोर असल्याखेरीज विचार पुढे सरकत नाही, ही त्याची धारणा त्या न लिहिण्यामागे असावी.

अथेन्सचा अगोरा, म्हणजे जेथे भाजीपाला विकला जाई, खटले चालत आणि राजकारणही होई असा मोकळा चौक, हेच त्याचे विद्यापीठ होते. सायमन नावाच्या चांभाराच्या दुकानात तो बोलत बसे असे प्राचीन ग्रंथकार सांगतात, आणि विसाव्या शतकातील उत्खननात अगोराच्या कडेला चपलांचे खिळे व सायमनचे नाव कोरलेला प्याल्याचा तळ सापडल्याने त्या माहितीला बळ मिळाले. असा गृहस्थ देवास गेटच्या बसस्थानकावर अवतरला असता तर एकही गाडी वेळेवर सुटली नसती, या कल्पनेला सभागृहाने हसून दाद दिली. पण त्यात तथ्य आहे, कारण त्याला घाईतलाच माणूस हवा होता, ज्याला आपण कशामागे धावतो हे सांगता येत नाही.

प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्किबायडीज’ या संवादात (त्याच्या कर्तृत्वाविषयी विद्वानांत वाद आहे) हा विचार स्पष्टपणे येतो. देह, पैसा आणि कीर्ती ही माणसाची साधने होत, आणि साधने वापरणारा तो त्याचा ‘स्यूखे’, म्हणजे जाणणारा व निवडणारा आत्मा, असे तेथे प्रतिपादिले आहे. पुढे म्हटले आहे की डोळ्याला स्वतःला पाहायचे असेल तर त्याने दुसऱ्याच्या डोळ्यातील बाहुलीत पाहावे, आणि तसेच आत्म्याने दुसऱ्या आत्म्याच्या त्या भागाकडे पाहावे जेथे शहाणपण वसते.

येथे एका कथेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो, आणि तो ठरवलेल्यापेक्षा लांबणार आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टॉक्सेनस याच्या नावावर असलेली ही कथा इसवी सनाच्या चौथ्या शतकातील बिशप युसेबियसच्या ग्रंथातून टिकली आहे. अथेन्सला आलेल्या एका भारतीयाने सॉक्रेटिसला त्याच्या चिंतनाचा विषय विचारला. त्याने मानवी जीवन असे सांगताच तो भारतीय हसला आणि दैवी गोष्टी जाणल्याखेरीज मानवी गोष्टी कळणार कशा, असे म्हणाला. कथा ऐकताच सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा मान राखूनही हे नोंदवले पाहिजे की प्लेटो किंवा झेनोफन यांच्याकडे या भेटीचा मागमूस नाही, आणि ॲरिस्टॉक्सेनसने लिहिलेले सॉक्रेटिसचे चरित्र मुळातच त्याला प्रतिकूल होते. शिवाय कथा खरी मानली तरी विजय त्या भारतीयाचा होत नाही, कारण तोही आपले ज्ञान घेऊन अरण्यात न जाता अथेन्सच्या माणसाशी वाद घालायला आला होता. हे परक्याचे कौतुक आहे, असा आक्षेप श्रोत्यांतून आला. त्याला उत्तर बृहदारण्यकातच आहे, कारण याज्ञवल्क्याचे आत्मचिंतन मैत्रेयीच्या प्रश्नाने उघडते आणि जनकाच्या सभेत गार्गीच्या प्रश्नांनी कसाला लागते. परंपरा असे सांगते की चांगदेवांनी कोरे पत्र धाडले आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले. पाहणारा स्वतःलाच कसा पाहील, या प्रश्नाचा मराठीतील तो विलक्षण विचार एका माणसाने दुसऱ्याला दिलेल्या उत्तरातून जन्माला आला.

समोरचा माणूस आवश्यक म्हणजे गर्दीचा कौल प्रमाण, असा अर्थ कोणी काढू नये. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या लढाईनंतर सेनापतींवर एकत्रित खटला चालवण्याची बेकायदा मागणी सभेने लावून धरली, तेव्हा सभेचे कामकाज पाहणाऱ्या मंडळातील सॉक्रेटिस अखेरपर्यंत विरोधात राहिला. गर्दी प्रश्नाला उत्तर देत नाही, माणूस देतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली असल्याने ‘फीडो’तील आत्म्याच्या अमरत्वाचा भाग गाळावा लागत आहे, मृत्यू ही गाढ झोप आहे की प्रवास, हे ‘अ‍ॅपॉलॉजी’तला सॉक्रेटिस खुले ठेवतो, एवढे ध्यानात असावे. विनंती एकच: ‘अ‍ॅपॉलॉजी’ आणि ‘चांगदेव पासष्टी’ हे दोन्ही लहान ग्रंथ या उन्हाळ्यात वाचावेत, पण एकट्याने नव्हे, हटकून प्रश्न विचारणारा कोणी सोबत घेऊन मोठ्याने वाचावेत.