मुलाचा स्वभाव डॉक्टरांना सांगा
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मुलाचा एम. आर. आय. काढावयाचा म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो. वास्तविक त्या यंत्रात क्ष-किरण नसतात. चुंबकाच्या जोरावर ते चित्रे काढते. पण बोगद्यासारख्या जागेत अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावयाचे, आणि कानाशी सारखी ठकठक! तीन वर्षांच्या मुलाला ते कसे साधावे? म्हणून गुंगीचे औषध देतात.

आता वजनाच्या मानाने मोजून दिलेले तेच औषध एका मुलाला झोपवते आणि दुसरे मूल त्याच्याशी झुंजत राहते, असे का? न्यूयॉर्कच्या थॉमस व चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून मुलांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. काही मुले नव्या जागी चटकन रमतात, काही सावकाश रुळतात, काहींना बदल सोसतच नाही. आणि हा दोष आईच्या वळणाचा नव्हे, असे त्यांनी सांगितले. पुढे २००० साली मिशिगनच्या डॉक्टरांना आढळले की, नव्या परिस्थितीशी लवकर जुळवून न घेणाऱ्या मुलांना अशा तपासणीसाठी झोपवणे अधिक जड जाते.

तेव्हा डॉक्टरांनी विचारल्यावर "गुणी आहे हो आमचा" एवढ्यावर थांबू नका. (आपल्या मुलाला हट्टी म्हणावयास जीभ रेटत नाही, हे मी जाणते.) परक्याने उचलले की आकांत करतो, मागच्या खेपेस औषधाने उलट चेकाळला, रात्री घोरतो, सारे सांगा. त्यावरून भूलतज्ज्ञ औषध बदलतील किंवा पुरी भूल देण्याचे ठरवतील.

उपाशी ठेवण्याबाबत मात्र कुणाचाच स्वभाव आड येऊ देऊ नये, आजीचासुद्धा! नातवंड रडते म्हणून पदराआड दोन घोट दूध पाजले जाते. गुंगीत ते उलटून श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. सामान्यतः अंगावरचे दूध ४ तास आणि वरचे दूध, खाणे ६ तास आधी बंद करतात. पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. दिले गेलेच तर लपवू नका. तपासणी उद्याही होईल.

सहा-सात वर्षांच्या समंजस मुलाचे कधी औषधावाचूनही भागते. घरी पलंगाखाली निजवून, पातेले वाजवून, पुतळ्याचा खेळ खेळावा. "मामाकडे चाललो" अशी थाप मात्र मारू नये.

परतताना रिक्षात मुलाची मान छातीवर पडू देऊ नका, श्वास कोंडतो. पूर्ण जाग आल्यावर आधी पाणी, मग थोडेथोडे दूध द्यावे.