औषध घेतलं, पण कोणतं?



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. लावणीच्या दिवसांत भोर आणि वेल्ह्याचे (आता राजगड म्हणायचं) इतके डॉक्टर घाटरस्ते तुडवत आलात, याचं कौतुक. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मज्जासंस्थेची विषं आणि एन्झाइम : एक आढावा' असं छापलंय. आढावा उरकतो. मला भांडायचंय.

१९३६ साली गेरहार्ड श्राडर हा जर्मन रसायनतज्ज्ञ किडी मारायचं औषध शोधत होता. हाती लागलं टाबून, मज्जासंस्थेचं विष. सरीन त्याचंच भावंड, १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सुटलेलं. आपल्या खाचरांत फवारतात ते क्लोरपायरीफॉस त्याच घराण्यातलं, फक्त सौम्य. चाल सगळ्यांची एक. अॅसिटिलकोलीन फोडणाऱ्या एन्झाइमच्या खोबणीत सेरीन असतं, त्यालाच हे जाऊन चिकटतात. मग लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छाती घरघरते. पाम हे उताऱ्याचं औषध ही चिकटण सोडवतं. पण चिकटलेल्या विषाचा एक तुकडा गळाला की बंध जून होतो आणि पाम हात टेकतं. टाबूनच्याच घराण्यातल्या सोमानला हे मिनिटांत होतं. डायमिथाइल जातीची औषधं असतील तर निम्मं एन्झाइम तीन-चार तासांत हातचं जातं, डायइथाइल असतील तर दिवसभराहून जास्त मुदत मिळते.

विष फोडणारी एन्झाइमही आहेत. १९७३ साली सेतुनाथन आणि योशिदा यांनी फिलिपीन्सच्या भातखाचरातला एक जिवाणू जगापुढे आणला. डायझिनॉन आणि पॅराथिऑन तो खाऊन टाकायचा. त्याच्या एन्झाइमच्या पोटात जस्ताचे दोन अणू असतात, ते पाण्याला कामाला लावून फॉस्फरसचा बंध तोडतात. सरीनवरही हे एन्झाइम चालतं. भाताच्या चिखलात उतारा! आपल्या कपाटात मात्र तो नाही, म्हणून पुढे जातो.

सकाळी पाम द्यावं की नाही यावर चांगलीच जुंपली. एकानं बारामती काढली : २००६ साली छापलेली चाचणी, २०० रुग्ण, सलग मोठा डोस दिलेल्यांत मृत्यू १ टक्का, अधूनमधून दिलेल्यांत ८. दुसऱ्यानं श्रीलंका काढली : २००९, २३५ रुग्ण, फायदा शून्य. दोघेही खरं बोलले. निकाल माझ्या खाटांवर लागलाय.

एका लावणीत डोंगरपट्ट्यातला एक गडी फवारणी करताना आडवा झाला. भाऊ हुशार; त्यानं डबाही सोबत आणला, चिठ्ठी शाबूत. क्लोरपायरीफॉस, म्हणजे डायइथाइल जात. दोन तास झाले होते, म्हणजे वेळ होती. अॅट्रोपीन छाती मोकळी होईपर्यंत, सोबत पाम. सहाव्या दिवशी चालत घरी गेला. त्याच महिन्यात एक म्हातारबाबा आले. थंड पेयाच्या बाटलीत कुणी सुटं औषध ओतून दिलेलं, बाबांनी तहानेपोटी तेच तोंडाला लावलं. 'कोणतं होतं?' 'औषध, डॉक्टर. भाताचं औषध.' आठ तास उलटलेले. जातच कळेना, तर घड्याळ कुठून मांडायचं? मी पाम दिलं, रात्रभर अॅट्रोपीन दिलं. पहाटे बाबा गेले. सूनबाई विचारत होत्या, 'औषधावर औषध चाललं नाही का?'

माझं गाऱ्हाणं एवढंच. पाम चांगलं की वाईट यावर आपण शोधनिबंध फेकून मारतो, आणि विष कोणतं हे सांगणारी चिठ्ठी दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. अर्धा लिटर सुटं मागितलं की सुटं मिळतं. बेकायदा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मी तीस वर्षं अर्ज करतोय. उत्तर येतं, 'योग्य कार्यवाही करण्यात येईल.' त्या उत्तरांची फाइल आता केसपेपरांपेक्षा जाड झालीय!

करायचं काय? तालुक्यात कोणती औषधं खपतात याची यादी हवी, जातीनिहाय. ती कुणीतरी करावी. आशाताईंना 'डबा घेऊन या' एवढं शिकवावं. दुकानदारांना एकदा बोलवावं, चहापाणी करावं, मग बघू. ठराव मी लिहून आणलेला नाही. मधल्या सुट्टीत कुणी कागद दिला तर दोन ओळी खरडून देतो.