सेवा आणि वेतन



वसंतातल्या संध्याकाळी पगारपत्रकासारखा रुक्ष विषय ऐकायला आपण जमलात, याबद्दल प्रथम आपले आभार. पण आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या मंडळाचे, वाचनालयाचे किंवा बालवाडीचे काम पाहतात, तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

संस्थेचे काम वाढते आणि एक पगारी माणूस नेमावा असा ठराव येतो. तेव्हा कोणीतरी उठून म्हणतो, "पगार कशाला? सेवाभावी माणूस पाहा!" वाक्य मोठे गोंडस आहे. पण ते म्हणणाऱ्याची वाडी असते, दुकान असते, निदान निवृत्तिवेतन तरी असते. ज्याच्याकडून सेवा हवी असते, त्याची चूल मात्र त्याच कामावर पेटायची असते. आपण स्वखुशीने करतो ती सेवा. गरजूकडून फुकट करवून घेतो तिला आपल्या मुलखात फार जुने नाव आहे. ते नाव वेठ.

१९४५ साली तलासरीकडील झरी गावी वारली बांधव मोठ्या संख्येने जमले आणि मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर राबणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. त्या लढ्याच्या अग्रभागी असलेल्या गोदावरीबाई परुळेकर या पूर्वी नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद होत्या. १९०५ साली निघालेल्या त्या समाजाचा दंडक पाहा. सभासदाने स्वतःसाठी धन मिळवायचे नाही. पण त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या चरितार्थाची तजवीज समाजाने करायची. त्यागाची शपथ घेणाऱ्यालाही पोट असते, हे गोखले विसरले नाहीत.

ते विसरणार कसे? पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ते स्वतः अल्प वेतनावर आजीव सभासद होते. तिथे वेतन आणि बाहेरची मिळकत यांवरून मतभेद विकोपास गेले व १८९० साली लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. एवढ्या थोर माणसांतही पैशाच्या नियमावरून फूट पडते, तर आपण सारे तोंडी आणि मोघम ठेवून कसे भागेल?

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १९४५ सालीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना याच कामातून फुलली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण तिथल्या सेविकेला वेतन नव्हे, मानधन देण्यात आले. नोकरी नाही, म्हणून नोकराचे हक्क नाहीत. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू आहे. एवढी साधी गोष्ट ठरायला सत्तेचाळीस वर्षे लागली!

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. मी स्वतः एका मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. आमच्या ग्रंथपाल बाईंचा चार महिन्यांचा पगार थकला होता. वर्धापनदिनी आम्ही त्यांना शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. थकबाकीचा विषय पुढच्या सभेवर टाकावा, या ठरावाला माझाही हात वर होता. पुढची सभा होण्याआधी बाई काम सोडून गेल्या. त्यांच्या हातात शाल होती आणि वाण्याची उधारी होती. तो हात मला अजून आठवतो.

म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. माणूस नेमण्यापूर्वी निदान वर्षाच्या पगाराची तरतूद करा. कामाचे स्वरूप, वेळ, सुटी आणि वेतन लिहून द्या. किमान वेतनाचा कायदा संस्थेच्या पुण्याईने टळत नाही. त्याने कोणाला विचारून काम करायचे ते एकच नाव ठरवा. अकरा सभासदांचे अकरा हुकूम झाले की उत्तम माणूसही बावरतो. आणि त्याला आपल्या घरची कामे सांगू नका.

देणगीदार म्हणतात, आमचा पैसा पगारात जातो. त्यांना सांगावे, बालवाडीत शिक्षिका हीच बालवाडी. भिंती मुलांना शिकवीत नाहीत. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पगारी माणूस आला की सभासद घरी बसतात. पण तो दोष पगाराचा नव्हे, आपल्या आळसाचा आहे. पगार देऊन आपण त्याचा वेळ घेतो. आपली तळमळ त्याच्याकडे सोपवता येत नाही.

आपल्या आगरातला वाडीवालाही मजुराचा हिशेब चुकता करतो. समाजसेवेच्या नावावर आपण त्याहून खाली उतरू नये, एवढीच माझी विनंती आहे. सेवा अवश्य करावी. पण ती आपली करावी, दुसऱ्याची खर्ची घालू नये.