बाहेरचा पैसा, गावचे पाणी



गरीब देशांच्या विकासासाठी श्रीमंत देशांनी पैसा द्यावा, ही चर्चा जुनीच आहे. आपल्या उत्पन्नातील शंभर रुपयांमागे सत्तर पैसे द्यावेत, असे संयुक्त राष्ट्रांनी 1970 साली ठरविले. नॉर्वे, स्वीडनसारख्या मोजक्या देशांनी ते पाळले. बहुतेकांनी पाळले नाही. पण या गोष्टीचा हसनाबादच्या शेतकऱ्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो आपल्या जालना जिल्ह्यातच पाहावयास मिळतो.

जालना तालुक्यातील कडवंची गाव घ्या. तेथे 1996 च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम सुरू झाले. जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत आला आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने मार्गदर्शन केले. हा पैसा देणगीचा होता. या कार्यक्रमामागे फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे धर्मगुरू होते. पण पैसा येण्याआधी गावाने अटी मान्य करावयाच्या होत्या: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि गावाची स्वतःची पाणलोट समिती. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडे असे काम झाले. पाणी मुरले, आणि ते गाव पुढे द्राक्षांसाठी नावाजले.

दुसरे उदाहरण नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे. 2018 साली जागतिक बँकेने त्याला 42 कोटी डॉलर दिले. सुमारे चार हजार कोटींच्या खर्चात सत्तर टक्के बँकेचे, तीस टक्के राज्याचे. जालन्यासह पंधरा जिल्ह्यांतील गावे त्यात आली. ठिबक, शेततळे, शेडनेट यांचे अनुदान थेट खात्यात जमा झाले. मात्र ही देणगी नव्हे, कर्ज आहे. त्यावर व्याज आहे, आणि डॉलर महागला की बोजाही वाढतो. ते फिटायचे सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. शेतकऱ्याच्या हाती अनुदान म्हणून आले, तरी मुळात ते उसने आहे. म्हणून ते जपून वापरले पाहिजे.

येथेच खरा धोका आहे. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. विहिरीतले पाणी उपसून ते तळ्यात साठविले, तर ऊन निम्मे खाते की काय अशी गत होते आणि शेजाऱ्याची विहीर आधी आटते. कर्ज काढून आपणच आपले पाणी संपवावे, याला विकास कसा म्हणावा?

तेव्हा गावात एखादी योजना आली, की ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारा. पैसा देणगीचा की कर्जाचा? काम कोठे व्हावे, हे कोण ठरविणार? आणि योजना संपल्यावर बांधातला गाळ कोण काढणार? तिसऱ्याचे उत्तर कोणी देत नसेल, तर काम सुरू होण्याआधीच वर्गणी नि पाळी ठरवा.

गुरुजनांना एक विनंती. मुलांकडून दर महिन्याला गावातल्या चार विहिरींची पाणीपातळी मोजून घ्या आणि शाळेच्या फळ्यावर लिहा. पाऊसही मोजा. दोन-तीन वर्षांची अशी नोंद ग्रामसभेपुढे ठेवलीत, तर आलेला पैसा जमिनीत मुरला की वाहून गेला, हे साऱ्या गावाला कळेल.