लेकराच्या कागदाला हात लावू नका

(ध्वनिमुद्रित भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी हट्ट्याहून बोलतोय. हट्टा म्हणजे हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात, परभणी आणि वसमत यांच्या मधलं गाव. नाव ऐकून बाहेरची माणसं हसतात. म्हणतात, तुमच्या गावातली लेकरं फार हट्टी असतील. मी म्हणतो, असती तर बरं झालं असतं. आमच्या लेकरांना हट्ट करायला शिकवावं लागतं.

मला आज लहान मुलांच्या कला-शिबिरांविषयी बोलायला सांगितलंय. मी चित्रकलेचा शिक्षक. पुण्या-मुंबईत असतं तसं कलाकेंद्र आमच्याकडे नाही. मंदिराचा सभामंडप आहे, दोन सतरंज्या आहेत आणि आठवड्यातला एक दिवस ठरलेला आहे. त्याच्या जोरावर काही वर्षं हे चाललंय. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण जे काही शिकलो ते तिथूनच शिकलो.

पहिलं शिबिर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतलं. पाच दिवसांचं. शेवटच्या दिवशी स्पर्धा ठेवली. स्पर्धा नसेल तर पालक येणार नाहीत, असं मला वाटायचं. विषय दिला, "माझे गाव". तीसेक लेकरं बसली. तासाभरानं बघतो तर निम्म्याहून जास्त कागदांवर तेच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला नारळाचं झाड आणि कौलारू झोपडी. आता आमच्याकडं काळी सपाट जमीन. नारळाची झाडं देवळात फोडलेल्या नारळावरनंच माहीत. तरी लेकरांचं गाव कागदावर कोकणातलं निघालं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण मीही शाळेत तेच चित्र काढून पहिला नंबर मिळवला होता.

त्या गर्दीत पाचवीतल्या एका मुलाचा कागद होता. पूर्ण काळा. कोळसा घासून घासून कागद फाटायला आलेला. खाली एका कोपऱ्यात दोन पिवळे ठिपके. मी विचारलं, "काय करायलास रे? रंग भरायचे राहिले का?" तो काही बोलला नाही. मी आपला शहाणपणानं त्याच्या हातातला खडू घेतला आणि वर कोपऱ्यात चांदोबा काढून दिला. म्हटलं, आता कसं चित्र दिसायला लागलं.

बक्षीस अर्थातच डोंगर-सूर्याला गेलं. तो मुलगा बक्षीस समारंभाला थांबला नाही. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एकदा त्याची आजी बाजारात भेटली. मी सहज विचारलं. ती म्हणाली, "सर, त्यो म्हणतोय, अंधारात चांद नव्हता."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. आई-बापाबरोबर तो ऊसतोडीला गेला होता. रात्री-अपरात्री ऊस भरायला गाडी फडात येते. मुकादमाची हाक आली की माय-बाप उठून जातात आणि लेकरं कोपीत एकटी राहतात. हा धाकट्या बहिणीला घेऊन बसायचा आणि लांबून गाडीचे दिवे दिसायची वाट बघायचा. दिवे दिसले म्हणजे गाडी आली, गाडी भरली म्हणजे माय परत येणार. ते दोन पिवळे ठिपके म्हणजे गाडीचे दिवे. तीस लेकरांत एकट्यानं खरं काहीतरी काढलं होतं आणि मी त्याच्यावर चांदोबा चिकटवला.

मी त्याच्या घरी गेलो. तो दाराआड उभा राहिला, बाहेर आला नाही. दसऱ्यानंतर ते कुटुंब पुन्हा गेलं.

तेव्हापासून आमच्याकडं तीन गोष्टी ठरल्या. पहिली, स्पर्धा नाही. नंबर नाही, प्रमाणपत्र नाही. दुसरी, लेकराच्या कागदाला मोठ्या माणसानं हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवा. तिसरी, "हे काय काढलंस?" असं विचारायचं नाही. "मला सांगशील का याच्याबद्दल?" असं विचारायचं, आणि नाही म्हणाला तर गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. मास्तर माणसाचा हात किती शिवशिवतो ते कळेल.

स्पर्धा बंद केली तेव्हा पालक कमी झाले, हे खरं आहे. एकानं तोंडावर विचारलं, "ह्याच्यानं लेकराला नौकरी लागती का?" मी म्हटलं, नाही लागत. शासनाची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली तर दहावीला काही वाढीव गुण मिळतात, तेवढा व्यवहार मी सांगतो, आणि ज्यांना द्यायची त्यांची तयारीही करून घेतो. पण रविवारी आपण त्याच्यासाठी बसत नाही. लेकराला आठवडाभर सगळे सांगत असतात. शाळेत गुरुजी, घरी माय-बाप, रानात मुकादम. आठवड्यातले दोन तास तरी त्यानं ठरवावं की काय करायचं.

आता साहित्याचं सांगतो, कारण बरेच जण इथंच अडतात. रंगपेट्या नाहीत, चांगला कागद नाही, म्हणून शिबिर नाही. आमचा तालुका हळदीचा. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळद काढून शिजवायला लागतात, तेव्हा अख्ख्या गावाला तिचा वास असतो. मग रंग विकत कशाला आणायचा? हळद पाण्यात कालवून कागदावर लावा, पिवळा झाला. वाळल्यावर त्याच्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी कुंचल्यानं फिरवा, लगेच तांबडा होतो. त्याच्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. लेकरं आधी ओरडतात, मग अर्धा तास दुसरं काही करत नाहीत. कुंकू हळदीपासून होतं, तेही असंच, फक्त तिथं चुना असतो. चुना मात्र लेकरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट. सोड्यावर काम भागतं.

काळा रंग हवा तर दिव्याची काजळी घ्या आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खला. होळीच्या सुमाराला पळस फुलतो, ती फुलं उकळली की केशरी रंग. मूर्ती करायला रानातली काळी माती आहेच. ती वाळताना भेगाळते, म्हणून थोडा भुसा किंवा कापूस मळायचा. पोळ्याला घरोघरी मातीचे बैल करतात, त्या आज्यांना ही युक्ती आधीपासून ठाऊक असते. मी त्यांनाच बोलावतो. ज्या आजीला सही करता येत नाही ती त्या दिवशी लेकरांची गुरुजी असते.

हळदीचा रंग उन्हात उडतो. भिंतीला लावलेलं चित्र महिन्याभरात फिकं पडतं. मला वाईट वाटायचं. लेकरांना नाही वाटत. ती म्हणतात, दुसरं काढू.

आता वेळापत्रकाचं. हा मुद्दा जरा नीट ऐका. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेणं सगळ्यांना सोयीचं, कारण शहरातून पाहुणे कलाकार येऊ शकतात. पण ऊसतोडीची कुटुंबं त्या सुमारालाच बाहेर पडतात आणि परततात ती पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे दिवाळीचं शिबिर नेमकं त्यांनाच वगळून होतं. कुणी मुद्दाम वगळत नाही, तारीखच वगळते. म्हणून आम्ही आमचं मोठं शिबिर पाडव्यानंतर घेतो. तेव्हा हळदीची कामं असतात, लेकरंही कामाला लागलेली असतात, म्हणून सकाळी न घेता संध्याकाळी. तेव्हाही सगळी येत नाहीत. जेवढी येतात तेवढ्यांच्यासाठी घेतो.

यात माझं स्वतःचं डोकं फार नाही. आधीच्या माणसांनी वाट करून ठेवली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडला गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. आणि जी मुलं गुरं राखायला जातात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. त्यांनी मुलांना "तुम्ही येत का नाही" म्हणून दोष दिला नाही. माझ्या दृष्टीनं कलाकेंद्राचा खरा अर्थ तिथं आहे. इमारत नंतर.

इमारत असलेलीही चांगली उदाहरणं आहेत. पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे, १९८५ पासूनचं, शोभा भागवतांनी वाढवलेलं. नाटकाचं म्हणाल तर सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' सुरू केलं, पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी'. तिथं मोठ्या कलावंतांनी मुलांसाठी नाटक केलं, आणि ते मनापासून केलं. पण मला जास्त जवळचं वाटतं ते मतकरींनी उतारवयात ठाण्यात केलेलं काम, 'वंचितांचा रंगमंच'. वस्तीतली मुलं स्वतः नाटक रचायची, स्वतः बसवायची, स्वतः करायची. 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहिणारा माणूस त्या मुलांची नाटकं ऐकायला बसला. लेखणी त्याच्याकडंच होती की. त्यानं ती मुलांच्या हाती दिली.

आम्हीही नाटक करतो, अगदी साधं. संहिता नसते. एक प्रसंग घ्यायचा, "गाडीची वाट बघणं" एवढाच, आणि लेकरांनी तो आपापला उभा करायचा. कुणी एसटीची वाट बघतं, कुणी दवाखान्यातल्या गाडीची, कुणी मामा येणार त्या गाडीची. हा विषय कुठून आला ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आणखी एक. आपल्या भागातल्या कलावंतांना बोलवा. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ मोठमोठ्या रंगमंचांवर नेला. पण आपल्या गल्लीत कुणाच्या घरी संबळ टांगलेला असेल तर लेकरांना ते घर माहीत नसतं, किंवा माहीत असून त्या घरचं लेकरू ते सांगत नाही. वर्गात हसतील म्हणून. आम्ही एका रविवारी एका संबळवादकांना बोलावलं. त्यांचा नातू आमच्याकडंच यायचा, आम्हाला पत्ता नव्हता. आजोबांनी सगळ्यांना संबळ वाजवायला दिला. कुणाला जमेना. मग नातवाला पुढं केलं. त्यानं वाजवला. त्या दिवसानंतर तो मागं बसला नाही, एवढंच सांगतो.

शेवटी त्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. पुढच्या पाडव्यानंतर तो आला. बहिणीला सोडायला म्हणून आला आणि पायरीवर बसून राहिला. मी त्याची माफी मागितली. म्हटलं, "मी तुझ्या चित्रात चांद काढला, ते चुकलं." तो खाली बघत होता. मग म्हणाला, "ते चित्र म्या जाळलं." मी म्हटलं, बरं केलंस.

त्यानं अजून चित्र काढलेलं नाही. मी सांगतही नाही. पण रंग कालवायचं काम त्यानं स्वतःहून घेतलंय. हळद किती, डिंक किती, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. लहान लेकरं त्याच्याकडं वाट्या घेऊन रांग लावतात. कधीतरी काढेल, कदाचित नाहीही काढणार. पण गावात असेल तेव्हा रविवारी तो असतो.

तर ऐकणाऱ्यांना माझी एकच विनंती. तुमच्या गावात हे सुरू करायचं असेल तर वर्गणी, बॅनर, पाहुणे यांच्यामागं आधी लागू नका. एक जागा ठरवा, एक वार ठरवा आणि तो वार मोडू नका. पाऊस असो, लग्न असो, दोनच लेकरं येवोत. त्यांना दुसऱ्या कशाची खात्री नसते, या वाराची असू द्या. आणि गावातली कुठली लेकरं कोणत्या महिन्यात गावात नसतात, हे आधी विचारून घ्या, मग तारीख काढा.

एवढंच. हट्ट्याकडून कधी गेलात तर रविवारी संध्याकाळी मंदिरात डोकावा. हाताला हळद लागेल, कपडे जुने घालून या.